माशी अंडी का थांबवते? ताण आणि संप्रेरकांची गोष्ट

केळी दोन दिवस जास्त राहिली की टोपलीभोवती तांबड्या डोळ्यांची बारीक चिलटं फिरायला लागतात. ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर ती हीच. मराठीत तिला फळमाशी म्हणतात, आणि त्यातून एक घोटाळा होतो तो आधी निस्तरू. कोकणातला आंबा बागायतदार 'फळमाशी' म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे बॅक्ट्रोसेरा असते. ती घरमाशीएवढी, चांगल्या फळाला टोचून आत अंडी घालणारी, जिच्यासाठी बागेत मिथाइल युजेनॉलचे सापळे टांगावे लागतात. आपलं चिलट तिच्यापेक्षा खूप लहान, जेमतेम अडीच-तीन मिलिमीटरचं. फळ उतरायला लागलं, त्यावर यीस्ट वाढलं, आंबूस वास सुटला की ते हजर होतं. या लेखात फळमाशी म्हणजे हेच चिलट.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात थॉमस हंट मॉर्गन यांना १९१० साली पांढऱ्या डोळ्यांचा एक नर सापडला. त्यातून जनुकं गुणसूत्रांवर बसलेली असतात हे सिद्ध होत गेलं आणि १९३३ साली मॉर्गनना नोबेल मिळालं. तेव्हापासून ही माशी प्रयोगशाळेतून हललेली नाही. पंचवीस अंशांवर अंड्यापासून माशी व्हायला साधारण दहा दिवस लागतात, खायला फारसं काही लागत नाही. म्हैसूरच्या ड्रोसोफिला केंद्रात तिला रवा, गूळ आणि अगर शिजवून केलेलं खाद्य देतात. शिऱ्याचाच एक प्रकार म्हणा. २०२४ मध्ये तर तिच्या मेंदूतल्या जवळपास १ लाख ३९ हजार चेतापेशींचा, त्यांच्या जोडण्यांसह, नकाशा प्रसिद्ध झाला.

आता एक प्रयोग. एका बाटलीत अंडी घालण्याच्या ऐन भरातली मादी आहे. बाटली पंचवीस अंशांवरून अडतीस अंशांवर नेली आणि तासाभराने, फार तर दोन तासांनी, परत आणली. मादी मरत नाही. पण ती अंडी घालणं थांबवते. तिच्या अंडाशयात अर्धवट वाढलेली काही अंडी चक्क मोडून टाकली जातात आणि त्यातला माल शरीरात परत शोषला जातो. हे नुकसान उष्णतेने परस्पर केलेलं नाही, ते बरंचसं माशीच्या स्वतःच्या संप्रेरकांनी घडवून आणलेलं असतं. ताणाला शरीर काय उत्तर देतं, हे समजून घ्यायला मला याहून चांगलं उदाहरण माहीत नाही. कारण ताणाच्या वेळी शरीरापुढचा खरा प्रश्न असतो, आत्ता काय करायचं आणि काय पुढे ढकलायचं.

पहिलं उत्तर मात्र संप्रेरकांचं नसतं, ते प्रत्येक पेशी स्वतःपुरतं देते. त्याचा शोध एका अपघाताने लागला. इटलीत फेरुचो रितोस्सा नावाचे संशोधक माशीच्या अळीच्या लाळग्रंथी तपासत होते. या ग्रंथींतली गुणसूत्रं अवाढव्य असतात, कारण एकाच धाग्याच्या हजारभर प्रती एकमेकींना चिकटून पडलेल्या असतात. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्यावरचे पट्टे दिसतात, आणि जिथलं जनुक जोरात काम करत असतं तिथे पट्टा फुगून आलेला दिसतो. एकदा प्रयोगशाळेतल्या कुणीतरी उबवण यंत्राचं तापमान वाढवून ठेवलं. रितोस्सांनी पाहिलं तर नेहमीचे फुगवटे ओसरलेले आणि भलत्याच जागी नवे फुगवटे आलेले. उष्णतेचा चटका बसताच काही मिनिटांत माशी ठरावीक जनुकं चालू करते, हे त्यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केलं. त्याआधी एका नामांकित नियतकालिकाने तो निबंध नाकारला होता.

त्या फुगवट्यांमधून काय तयार होतं हे १९७४ मध्ये कळलं. ती प्रथिनं होती, आणि त्यांतलं सगळ्यांत ठळक एचएसपी-७०. प्रथिनाचा धागा नीट घडी घातलेला असेल तरच ते काम करतं. उष्णतेने घडी उसवते, आणि उसवलेली प्रथिनं एकमेकांना चिकटून गोळे होतात, अंड्याचा पांढरा भाग तव्यावर थिजतो तशी. एचएसपी-७० अशा उसवलेल्या धाग्यांना धरून ठेवतं, गुंतू देत नाही, पुन्हा घडी बसायला मदत करतं. हे जनुक इतक्या झटपट कसं चालू होतं, याचं उत्तर अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जॉन लिस यांच्या गटाला १९८० च्या दशकात मिळालं. जनुक वाचणारं यंत्र थंड माशीतही त्या जनुकावर आधीच चढलेलं असतं, चार पावलं जाऊन थांबलेलं असतं. गाडी चालू आहे, गिअर टाकलेला आहे, क्लच दाबून धरलेला आहे. चटका बसला की फक्त क्लच सोडायचा.

याच काळात वाराणसीला सुभाषचंद्र लाखोटिया एका वेगळ्याच फुगवट्याच्या मागे होते. ९३-डी नावाची ती जागा उष्णतेने फुगते, पण बेंझामाइड या रसायनाने तेवढी एकच फुगते, हे १९७० मध्ये दिसलं होतं. पुढे कळलं की तिथून निघणाऱ्या आरएनएपासून, म्हणजे जनुकाच्या कामचलाऊ प्रतीपासून, प्रथिन बनतच नाही. तो आरएनए स्वतःच काम करतो. प्रथिन न बनवणारा आरएनए म्हणजे पेशीतला कचरा अशी समजूत होती तेव्हापासून बनारस हिंदू विद्यापीठात या जागेवर चिकाटीने काम झालं आहे. आज अशा आरएनएंवर जगभर ढीगभर संशोधन होतं, म्हणून हे आवर्जून सांगावंसं वाटतं.

पण पेशी-पेशीने स्वतःला वाचवलं तरी अख्ख्या माशीचं काय? अंडाशयाला कोण सांगतं की बाहेर ऊन कडक आहे, थांब? इथे संप्रेरकं येतात. माशीच्या शरीरात आपल्यासारख्या रक्तवाहिन्यांचं जाळं नसतं. पाठीकडून गेलेली एक नळी हृदयाचं काम करते आणि रक्तासारखा द्रव सगळ्या अवयवांभोवती मोकळा खेळतो. त्यात संप्रेरक सोडलं की ते थेट सगळीकडे पोहोचतं.

यातली दोन नावं लक्षात ठेवायची. पहिलं एक्डायसोन. आडोल्फ बुटेनान्ट आणि पेटर कार्लसन यांनी १९५४ मध्ये ते शुद्ध रूपात वेगळं केलं. रेशीमकिड्यांचे ५०० किलो कोष वापरले तेव्हा हाती आलं २५ मिलिग्रॅम! कात टाकणं, अळीचा कोष होणं, कोषातून माशी होणं, हे सगळं एक्डायसोनच्या हुकमाने होतं. रासायनिकदृष्ट्या ते स्टेरॉइड आहे, म्हणजे आपल्या कॉर्टिसोलच्या आणि इस्ट्रोजेनच्या कुळातलं. गंमत अशी, की रितोस्सांच्या दोनच वर्षं आधी, १९६० मध्ये, कार्लसन आणि उलरिश क्लेव्हर यांनी दुसऱ्या एका माशीच्या अळीत एक्डायसोन टोचून तसेच फुगवटे उठवून दाखवले होते. उष्णतेची भाषा आणि संप्रेरकाची भाषा एकाच पाटीवर वाचता येत होती.

दुसरं ज्युव्हेनाइल हार्मोन. नावाप्रमाणे ते अळीला अळीच ठेवतं, लवकर प्रौढ होऊ देत नाही. प्रौढ मादीत मात्र त्याचं काम बदलतं, तिथे ते अंड्यात बलक भरायला लावतं. एकच रेणू वयाप्रमाणे वेगळं काम करतो, हे संप्रेरकांच्या बाबतीत पुन्हा पुन्हा दिसेल.

आता अंडाशयात शिरू. माशीचं प्रत्येक अंडं चौदा टप्प्यांतून जातं. सातव्या टप्प्यापर्यंत खर्च कमी असतो. आठव्या टप्प्यापासून बलक भरायला सुरुवात होते, आणि बलक म्हणजे मादीच्या अंगातली प्रथिनं आणि चरबी. ऐन भरातली मादी दिवसाला पन्नास-साठ अंडी घालू शकते, म्हणजे हा खर्च किती मोठा हे लक्षात येईल. म्हणून आठव्या-नवव्या टप्प्यावर एक नाका आहे. ज्युव्हेनाइल हार्मोन म्हणतं भरा बलक, पुढे जाऊ द्या. एक्डायसोन प्रमाणाबाहेर चढलं की ते म्हणतं थांबा, मोडा. मादीला उपाशी ठेवलं तर एक्डायसोन चढतं आणि नेमकी याच टप्प्यावरची अंडी मोडली जातात. उपास न घडवता नुसतं एक्डायसोन टोचलं तरी तेच होतं. आणि मेथोप्रिन, म्हणजे ज्युव्हेनाइल हार्मोनची कारखान्यात केलेली नक्कल, दिलं तर अंडी वाचतात. हेच मेथोप्रिन डासांच्या अळ्या मारायला पाण्यात टाकतात, कारण त्याच्यामुळे अळीला डास होताच येत नाही.

उष्णतेच्या ताणात काय होतं यावर रशियात नोवोसिबिर्स्कच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायटॉलॉजी अँड जेनेटिक्समध्ये राउशेनबाख, ग्रुंतेन्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक वर्षं काम केलं. अडतीस अंशांवर ठेवलेल्या माद्यांमध्ये ज्युव्हेनाइल हार्मोन मोडण्याचा वेग मंदावतो, एक्डायसोन वाढतं, आणि त्याच वेळी डोपामाइन व ऑक्टोपामाइन ही आणखी दोन रसायनं चढतात. या चौघांची एकमेकांवर वचक असते. एकाचं प्रमाण हललं की बाकीचे हलतात. परिणाम म्हणून नाक्यावरची अंडी मोडली जातात आणि तयार अंडीही घालण्यावाचून अडून राहतात. त्यांना ड्रोसोफिलाच्याच व्हिरिलिस या जातीत असाही एक वाण सापडला, ज्याच्या संप्रेरकांवर तापमानाचा असा परिणाम होतच नाही. एकाच जातीत घाबरून हात आखडणाऱ्या आणि न आखडणाऱ्या, दोन्ही प्रकारच्या माश्या निसर्गाने ठेवल्या आहेत. मला हे फार अर्थपूर्ण वाटतं. चटका क्वचित बसत असेल तर थांबणं शहाणपणाचं. रोजच बसत असेल तर थांबणारी मादी अंडी घालणार कधी?

ऑक्टोपामाइनकडे जरा थांबून पाहायला हवं. ते प्रथम ऑक्टोपसच्या लाळग्रंथीत सापडलं, म्हणून हे नाव. शोधणारे व्हित्तोरियो एर्स्पामेर, म्हणजे सिरोटोनिन शोधणाऱ्यांतले एक. आपल्या शरीरात टायरोसिन या अमिनो आम्लापासून डोपामाइन, मग नॉरअ‍ॅड्रेनॅलिन आणि अ‍ॅड्रेनॅलिन बनतं. माशीत नॉरअ‍ॅड्रेनॅलिन-अ‍ॅड्रेनॅलिन नसतात. ती त्याच टायरोसिनपासून टायरामाइन आणि मग ऑक्टोपामाइन बनवते, आणि छाती धडधडायला लावणारी बहुतेक कामं त्याच्याकडून करून घेते. मे-जूनमध्ये सह्याद्रीत काजवे चमकतात, त्या दिव्याची कळही ऑक्टोपामाइनच दाबतं. गोठ्यात गोचिडांसाठी अमित्राझ वापरतात, ते गोचिडाच्या ऑक्टोपामाइनच्या ग्राहकांवर, म्हणजे ऑक्टोपामाइन पकडणाऱ्या पेशीवरच्या प्रथिनांवर, जाऊन बसतं. माणसाच्या पोटात गेलं तर ते आपल्या अ‍ॅड्रेनॅलिनच्या जातीच्या ग्राहकांवर बसून विषबाधा करतं. म्हणूनच ते जपून हाताळायचं असतं. नातं किती जवळचं आहे हे यावरून कळावं.

तरी त्याला 'ताणाचं हार्मोन' म्हणून मोकळं होऊ नये. ज्या माश्यांना ऑक्टोपामाइन बनवताच येत नाही, त्यांच्या माद्यांमध्ये अंडी नीट तयार होतात पण अंडाशयातच अडकून राहतात, हे १९९६ मध्ये दिसून आलं. अंडं बाहेर पडायला ऑक्टोपामाइन हवंच. म्हणजे ज्याची लाट अंडी थांबवण्यात सामील असते, त्याच्याच योग्य जागच्या स्पर्शाशिवाय अंडं पडत नाही. संप्रेरकाला चांगलं-वाईट, शांतीचं-ताणाचं अशी लेबलं लावण्याची आपली सवय इथे साफ तोकडी पडते. कुठे, किती, किती वेळ, हे विचारल्याशिवाय त्याच्याबद्दल काही म्हणता येत नाही.

थांबवायचं कसं ते झालं. पण आत्ता जे करायचं त्याला इंधन कुठून येतं? आपल्या रक्तात ग्लुकोज फिरतं, माशीच्या अंगात मुख्यतः ट्रेहॅलोज, म्हणजे ग्लुकोजचे दोन रेणू जोडून केलेली साखर. माशीला इन्सुलिनसारखी आठ प्रथिनं आहेत, आणि त्यांतली महत्त्वाची मेंदूतल्या काही मोजक्या पेशी बनवतात. २००२ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात या पेशी मारून पाहिल्या. माश्या खुरटल्या, वाढ लांबली, अंगातली साखर चढली. मधुमेहाचंच चित्र. याच्या उलट काम करणारं, साठा फोडणारं संप्रेरक म्हणजे एकेएच. ते हृदयनळीजवळच्या ग्रंथींतून येतं आणि आपल्या ग्लुकागॉनसारखं वागतं. भूक लागली की एकेएच चरबी फोडायला लावतं आणि माशी अस्वस्थ होऊन येरझाऱ्या घालू लागते. २००४ मध्ये एकेएचच्या पेशी नष्ट केलेल्या माश्या उपाशी ठेवल्या, तर त्या येरझाऱ्या घालत नाहीत असं दिसलं. शिवाय त्या जास्त दिवस जगल्या! चरबी पुरवून पुरवून वापरली गेली ना. मग एकेएच कशाला हवं, असं वाटेल. पण त्या बाटलीत अन्न नव्हतंच, शोधून काय मिळणार होतं? बाहेरच्या जगात दोन घरं पलीकडे पिकलेलं केळं असू शकतं, आणि तिथे शांत बसून राहिलेली माशी उपाशी मरते.

इन्सुलिनचं कमी होणंही असंच दुधारी. २००५ मध्ये माश्यांमध्ये इन्सुलिनच्या या पेशी कमी केल्यावर त्या जास्त जगल्या, उपास त्यांनी चांगला सोसला. पण अंडी कमी झाली आणि उष्णता-थंडी सोसण्याची ताकदही घटली. आयुष्य वाढवणाऱ्या माशीची बातमी वाचताना हा उरलेला अर्धा भाग शोधून वाचावा, एवढीच माझी विनंती.

माणसाच्या शरीरात ताणाची मोठी साखळी म्हणजे मेंदूतून सीआरएफ नावाचं संप्रेरक, त्याच्या सांगण्यावरून मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी, तिच्या सांगण्यावरून मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतून कॉर्टिसोल. सीआरएफ १९८१ मध्ये मेंढीच्या मेंदूतून ओळखलं गेलं, ४१ अमिनो आम्लांचं. माशीकडे कॉर्टिसोल नाही, पिट्युटरीही नाही. पण सीआरएफचा भाऊबंद आहे. त्याचं नाव डीएच-४४, कारण त्यात ४४ अमिनो आम्लं. माशीच्या मेंदूतल्या सहा पेशी ते बनवतात. ते शरीरातलं पाणी बाहेर टाकण्याचं प्रमाण ठरवतं आणि पोषक साखर ओळखण्यातही भाग घेतं. माणसाचे आणि माशीचे पूर्वज पन्नास कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वेगळे झाले. तेव्हाही कुठल्यातरी मऊ अंगाच्या प्राण्यात या रेणूचा आजोबा काम करत होता.

पुढे ढकलण्याचं सर्वांत देखणं उदाहरण अळीत आहे. अळीच्या अंगात पुढे पंख, पाय, डोळे होणाऱ्या पेशींच्या चकत्या असतात. त्यांतल्या एका चकतीला इजा झाली तर अख्खी अळी कोषात जायचं लांबवते, इजा भरून येईपर्यंत. हे कसं, याचं उत्तर २०१२ मध्ये फ्रान्स आणि स्पेनमधल्या दोन गटांनी एकाच वेळी दिलं. जखमी चकती डीआयएलपी-८ नावाचं संप्रेरक सोडते, आणि त्यामुळे एक्डायसोन उशिरा तयार होतं. एका पंखासाठी सगळं शरीर थांबून राहतं. हा निरोप नसलेल्या अळ्यांच्या माश्या होतात, पण डावी-उजवी बाजू नीट जुळत नाही.

मादीने झिडकारलेले नर दारू मिसळलेलं अन्न जास्त खातात, हा २०१२ सालचा प्रयोगही गाजला. त्यात एनपीएफ नावाचा मेंदूतला रेणू कमी झालेला दिसला, तो कृत्रिमपणे वाढवला की नर दारूकडे कमी वळायचे. प्रयोग पक्का आहे. मात्र त्यावरून 'माशीलाही प्रेमभंग होतो' असे जे मथळे आले, ते मला पटत नाहीत. माशीला काय वाटतं हे त्या प्रयोगात मोजलेलंच नव्हतं.

राहिला प्रश्न, की रक्षण करणारी ही यंत्रणा सदासर्वकाळ चालू का ठेवू नये? १९९२ मध्ये सुझन लिंडक्विस्ट यांच्या गटाने माशीच्या पेशींना नेहमीच्या तापमानातच एचएसपी-७० बनवायला लावलं. पेशींची वाढ मंदावली. धागे धरून ठेवणारं प्रथिन गरज नसताना भलत्यांनाही धरून ठेवू लागतं. पेशींनी ते जादा एचएसपी-७० एका कोपऱ्यात, दाण्यांसारखं, गोळा करून ठेवलं तेव्हा कुठे त्या पुन्हा वाढू लागल्या. चटका ओसरला की बंद होणं हाही या यंत्रणेचा तितकाच महत्त्वाचा भाग आहे.

आपली मादी आता पंचवीस अंशांवर परत आली आहे. तिचं वजन साधारण एक मिलिग्रॅम, त्यामुळे बाटली निवते तशी तीही लगेच निवते. एचएसपी-७० चं जनुक शांत होतं, यंत्र पुन्हा चार पावलांवर येऊन थांबतं. संप्रेरकं उतरायला जास्त वेळ लागतो. अंडाशयात आठव्या-नवव्या टप्प्यावरची अंडी गेलेली आहेत, पण सातव्यापर्यंतची, ज्यांच्यावर अजून खर्च झालेला नव्हता, ती तशीच आहेत. नाका उघडला की ती पुढे सरकतात, बलक भरू लागतो. मग ती रव्या-गुळाच्या मऊ थरावर जागा शोधते, पोटाचं टोक टेकवते आणि अर्ध्या मिलिमीटरचं एक पांढरं अंडं ठेवते. साधारण एका दिवसात त्यातून अळी बाहेर येते.